काडतूस घरी भरायचं नाही, मग नेम कसा सुधारायचा?

(ऑडिओ एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेलं काही इकडचं तिकडं केलंय, बाकी तसंच ठेवलंय. ज्यांना एसटीत किंवा लोकलमध्ये रेंज मिळत नाही, त्यांच्यासाठी.)

शेणव्यातून बोलतोय. सोमवार ते शुक्रवार कोड लिहितो, आणि जमेल त्या रविवारी एअर रायफल मारायला जातो. आजचा विषय तुमच्या मेसेजमधूनच आलाय. गेल्या महिन्याभरात एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत खूप जणांनी विचारला. "दादा, यूट्यूबवर ते अमेरिकेतले लोक घरी टेबलावर काडतुसं भरतात, त्यानं नेम सुधारतो म्हणतात. आपल्याकडे करता येतं का?"

सरळ उत्तर आधी देतो, कारण काही जण पाच मिनिटांत एपिसोड बंद करतात. नाही. घरी भरायचं नाही. आपल्याकडे तो गुन्हा आहे, आणि नेमबाजीत तुम्ही आहात त्या पायरीवर त्याचा काडीचा उपयोग नाही. पण "नाही" एवढंच सांगितलं तर तुम्ही परत यूट्यूबवर जाणार. म्हणून आज नीट समजून घेऊ: ते लोक नक्की काय करतात, त्यात धोका कुठे आहे, आणि त्यांना त्यातून जो अचूकपणा मिळतो तो आपल्याला कायद्यात राहून कसा मिळवता येईल.

काडतुसाच्या पोटात काय असतं

आपण गावात सगळ्यालाच "गोळी" म्हणतो. पण काडतूस म्हणजे चार वस्तू. बाहेरची पितळेची पुंगळी. तिच्या बुडाशी टोपी, म्हणजे प्रायमर. यावर ठोका बसला की ठिणगी पडते. आत दारू. आणि तोंडाशी बसवलेली खरी गोळी, शिशाची किंवा तांब्याचं कवच असलेली.

बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, टोपी संपते. पुंगळी मात्र उरते. या चौघांत ती बरीच महाग वस्तू, आणि ती पुन्हा वापरता येते. म्हणून अमेरिकेत किंवा युरोपातल्या काही देशांत हौशी नेमबाज पुंगळ्या गोळा करतात, साफ करतात, मापात आणतात, नवीन टोपी बसवतात, दारू तोलून भरतात आणि नवीन गोळी बसवतात. याला ते रीलोडिंग म्हणतात.

का करतात? पहिलं कारण पैसे. दुसरं कारण अचूकपणा. कारखान्यातलं काडतूस हजारो वेगवेगळ्या रायफलींत चालावं म्हणून बनवलेलं असतं. घरी भरणारा माणूस फक्त स्वतःच्या एका रायफलीसाठी भरतो. प्रत्येक काडतुसात दारू सारखी, गोळी सारख्याच खोलीवर बसलेली, पुंगळीचं तोंड सारखंच घट्ट. सगळं सारखं, म्हणून वेग सारखा, म्हणून गोळ्या जवळजवळ पडतात. तर्क बरोबर आहे, आणि अचूकपणा म्हणजे काय तेही यातून कळतं. भारी वस्तू घेतली म्हणून तो येत नाही. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा तशीच करता आली की येतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पहिली गंमत: आपली काडतुसं भरताच येत नाहीत

स्वप्नील कुसाळेचं नाव आता सगळ्यांना माहीत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे त्याचं गाव. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्यानं ४५१.४ गुण घेऊन कांस्य मिळवलं. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणलं होतं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मध्ये ७२ वर्षं गेली. आणि स्पर्धा झालेली ती रेंजही पॅरिसमध्ये नव्हती, शातोरू नावाच्या गावाजवळ होती.

तर तो ज्या काडतुसावर हे पदक जिंकला ते पॉइंट टू-टू, म्हणजे ५.६ मिलीमीटरचं, रिमफायर. याला वेगळी टोपी नसतेच. ठिणगी देणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत, त्या दुमडलेल्या रिंगणातच भरलेला असतो. ठोका कडेवर बसतो, कड चेपते, काम संपलं. ती पुंगळी पुन्हा वापरायची नसतेच.

म्हणजे जगातला सगळ्यात अचूक ५० मीटर रायफलवालासुद्धा काडतूस घरी भरत नाही. विकतचंच मारतो. १० मीटर एअर रायफलमध्ये तर दारूच नाही, दाबलेली हवा आणि शिशाचा छर्रा. अंजली भागवत, सुमा शिरूर याच प्रकारात जगात पोहोचल्या. सुमा शिरूर यांनी २००४ ला क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० मारले होते. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची विश्वविजेती झाली, तीही पॉइंट टू-टूवरच. या सगळ्यांच्या यशात घरच्या टेबलावर भरलेलं एकही काडतूस नाही.

आता धोका. कुकर आठवा

आईच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार जास्त दाब असतो. गाडीच्या टायरमध्ये २ बारच्या थोडं वर. आता त्या छोट्या पॉइंट टू-टू काडतुसात जास्तीत जास्त किती दाब चालतो, याची युरोपातली मान्य मर्यादा आहे १७०० बार. पॉइंट थ्री-झिरो-एटसारख्या मोठ्या रायफलीत ४००० बारच्या वर. हा दाब तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर तयार होत असतो. मध्ये असतो फक्त पोलादाचा बोल्ट आणि पुंगळीची पितळ.

कारखान्यात प्रत्येक बॅचचा हा दाब यंत्रावर मोजतात. घरच्या टेबलावर दाब मोजायला काहीच नसतं. म्हणजे टेस्टिंग थेट प्रॉडक्शनमध्ये, आणि प्रॉडक्शन म्हणजे तुमचा चेहरा.

चुका कुठे होतात, ते ऐका. हे सगळे प्रकार नेमबाजीच्या जगात ओळखीचे आहेत.

एक, डबल चार्ज. लक्ष गेलं, फोन वाजला, त्याच पुंगळीत दारू दोनदा पडली. काही पुंगळ्या आतून इतक्या मोठ्या असतात की दुप्पट दारू आत मावते आणि वरून कळतही नाही.

दोन, दारूची अदलाबदल. पिस्तुलाची दारू झटकन जळते, रायफलीची सावकाश. दिसायला दोन्ही करडे दाणे. वजन तेच, पण दारू चुकली तर दाब कुठल्या कुठे जातो. काही जण विचारतात, "फटाक्यातली चालेल का?" नाही. त्यात काय आहे, किती आहे, कसं जळेल, काहीच माहीत नसतं. फटाका फुटण्यासाठी बनवलेला असतो. बंदुकीत आपल्याला फुटायला नको, गोळी ढकलायला हवी.

तीन, फुसका बार. दारू कमी किंवा अजिबात नाही. टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि अर्ध्यातच अडकते. आवाज बारीक, धक्का नाही. माणूस म्हणतो "अरे, काय झालं?" आणि पुढचं काडतूस घालून ओढतो. नळी बंद आहे, मागून दुसरी गोळी आली. नळी फुगते किंवा फाटते. हा प्रकार कारखान्याच्या काडतुसातही क्वचित होतो, म्हणून हा नियम रेंजवर जाणाऱ्या प्रत्येकानं पाठ करा: आवाज वेगळा आला की थांबा. नळी टार्गेटकडेच ठेवा. रेंज ऑफिसरला बोलवा. नळी मोकळी आहे हे तपासल्याशिवाय पुढचा बार नाही.

चार, उशिरा उडणारा बार. चाप ओढला, काहीच झालं नाही. लगेच बोल्ट उघडून बघायचं नाही. आत मसाला धुमसत असू शकतो. नळी समोर ठेवून निदान ३० सेकंद थांबा, रेंजचा नियम जास्त वेळ सांगत असेल तर तेवढा. मग ऑफिसरच्या देखरेखीत उघडायचं.

आता कुणी म्हणेल, आम्ही काळजीपूर्वक करू. मित्रांनो, भंडाऱ्याची ऑर्डनन्स फॅक्टरी आठवा. २४ जानेवारी २०२५ ला तिथं स्फोट झाला, किमान आठ कामगार गेले. तिथलं स्फोटक वेगळ्या प्रकारचं होतं, काडतुसाची दारू नव्हे. पण तिथं प्रशिक्षित माणसं होती, वेगळ्या इमारती होत्या, नियम होते. तरी झालं. आपण तेच काम माळ्यावर, शेजारी गॅसची टाकी आणि खाली झोपलेली आजी, अशा घरात करणार?

कायदा काय म्हणतो

शस्त्र अधिनियम १९५९. यात "दारूगोळा" या शब्दाची व्याख्या खूप रुंद आहे. फक्त भरलेलं काडतूस नाही, तर दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा त्यात येतात. म्हणजे "मी फक्त मशीन मागवलं, भरलं काहीच नाही" हा बचाव टिकायचा नाही. बनवण्यासाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. हौशी नेमबाजाच्या परवान्यात तो नसतो. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.

सात वर्षं. इंजिनिअरिंग चार वर्षांचं होतं.

अजून एक छोटी गोष्ट. रेंजवरून आठवण म्हणून एखादं जिवंत काडतूस खिशात घालून आणायचं नाही. ते बॅगेच्या कप्प्यात राहतं, आणि मग एअरपोर्टच्या स्कॅनरमध्ये दिसतं. पुंगळ्याही तिथंच डब्यात टाका.

एअर रायफलचं वेगळं. ४.५ मिलीमीटरपर्यंतची आणि २० ज्यूलच्या आतली एअर गन परवान्याशिवाय घेता येते. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो. १० मीटरची स्पर्धेची रायफल साधारण ७-८ ज्यूलवर चालते, म्हणजे मर्यादेच्या खूप आत. पण परवाना नाही म्हणजे खेळणं नाही. डोळा जायला ७ ज्यूल भरपूर आहेत. पक्ष्यांवर मारणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, तो वेगळाच.

आपल्याकडचं रीलोडिंग: ठासणी

आता जरा घरचं बोलू. तुम्ही म्हणाल, काडतूस भरणं ही परदेशातली भानगड. पण आपल्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात, इकडे पालघर-जव्हारला, खाली कोकणात, ठासणीची बंदूक नवीन नाही. ठासणी म्हणजे काय? पुढून नळीत दारू ओतायची, वर चिंधी, वर छर्रे, गजानं ठासायचं, टोपी लावायची. म्हणजे प्रत्येक बार घरी भरलेलाच! मोजमाप काय, तर तळहातावर अंदाज.

काही घरांत ती पिकाच्या राखणीच्या परवान्यावर आलेली असते. रानडुक्कर भात लोळवून जातं, वरई-नाचणी उकरतं, त्याचा राग मला कळतो. आपल्या सगळ्यांच्या घरी शेती आहे. पण बिनपरवान्याची गावठी बंदूक, अंदाजानं भरलेली दारू, रात्रीचं जंगल आणि चार-पाच जणांची टोळी, हे एकत्र आलं की काय होतं ते आपण बातम्यांत वाचलंय. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोर भागातल्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्या लोकांनी हालचाल दिसली म्हणून बार काढला. समोर त्यांचाच माणूस होता. तो गेला, आणि टोळीतल्या काहींना अटक झाली.

यात नेम चुकला नव्हता, बरं का. नेम लागला. म्हणूनच नेमबाजीतला एक नियम अचूकपणाच्याही वरचा आहे: काय आहे ते ओळखल्याशिवाय, आणि त्याच्या मागं काय आहे ते माहीत असल्याशिवाय चापावर बोट जायचं नाही. डुकरानं पीक खाल्लं तर वनविभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करा, पंचनामा करून घ्या. कंटाळवाणं आहे, हेलपाटे आहेत, मान्य. पण त्यात कुणाच्या घरचा माणूस जात नाही.

आणि घरात आजोबांची जुनी बंदूक असेल, परवाना कुणाच्या नावावर आहे ते माहीत नसेल, तर ती उघडून, तेल लावून "बघू चालते का" असं करू नका. ती भरलेली असू शकते. ठासणीत दारू वर्षानुवर्षं तशीच राहते. पोलीस ठाण्यात जाऊन परवान्याचं आणि जमा करण्याचं विचारा.

आता अचूकपणा. इथं माझा धंदा कामी येतो

मघाशी म्हटलं, अचूकपणा म्हणजे तेच पुन्हा तसंच. हे मोजायचं कसं? नेमबाज ग्रुप मारतात. एकाच ठिकाणी नेम धरून काही गोळ्या, आणि सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर. तो झाला ग्रुप.

आता बहुतेक जण काय करतात? तीन मारतात, तिन्ही चिकटून पडल्या की फोटो, स्टेटस, "माझी रायफल एक नंबर". मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. एक काल्पनिक रायफल घेतली, तिचा पसारा ठरवून दिला आणि कॉम्प्युटरला हजारो ग्रुप मारायला लावले. रायफल तीच, नेमबाज तोच. तरी बघा: पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरी १५ मिलीमीटर येत असेल, तर तीन गोळ्यांचा येतो साधारण १२, आणि दहा गोळ्यांचा १८ ते १९. काहीच बदललं नाही, फक्त गोळ्यांची संख्या बदलली. शिवाय एकेक ग्रुप सरासरीपासून बराच लहान-मोठा होतो, निव्वळ योगायोगानं.

म्हणून तीन गोळ्या बघून "हा छर्रा चांगला, तो वाईट" ठरवणं म्हणजे तीन ओव्हर बघून मॅच कोण जिंकणार ते सांगणं. दहा-दहाचे निदान तीन-चार ग्रुप मारा. आणि फक्त टोकाची दोन भोकं बघू नका. प्रत्येक भोक मध्यापासून किती लांब आहे ते मोजा आणि सरासरी काढा. यात सगळ्या गोळ्यांची माहिती वापरली जाते. मोबाईलमध्ये एक साधी शीट पुरते.

आता वेगाचा परिणाम किती, तेही हिशोबात बघू. पॉइंट टू-टू गोळीचा वेग धरा सेकंदाला ३२५ मीटर. ५० मीटर जायला तिला ०.१६ सेकंदाच्या आसपास लागतात. तेवढ्यात ती गुरुत्वाकर्षणानं सुमारे १२ सेंटीमीटर खाली येते. ते आपण साईटमध्ये धरलेलंच असतं. पण एखादी गोळी १० मीटरनं हळू आली, तर ती ७ ते ८ मिलीमीटर अजून खाली पडते. आणि ५० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिलीमीटर. म्हणजे तुमचा हात, श्वास, डोळा सगळं अचूक असूनही, फक्त काडतूस हळू निघालं म्हणून दहाची काठावर येते.

मग मोठे नेमबाज काय करतात? भरत नाहीत, निवडतात. एली, आरडब्ल्यूएस, लापुआ या कंपन्यांची स्पर्धेची काडतुसं बॅचनं येतात, डब्यावर नंबर असतो. एकाच ब्रँडची एक बॅच तुमच्या नळीला आवडते, दुसरी आवडत नाही. म्हणून रायफल शिकंज्यात पकडतात, माणूस बाजूला, आणि वेगवेगळ्या बॅचचे दहा-दहाचे ग्रुप ५० मीटरवर मारतात. जी बॅच जमते ती साठवून घेतात. याला बॅच टेस्टिंग म्हणतात. घरी काडतूस भरणारा माणूस जे शोधत असतो, तेच हे. फक्त दारूला हात न लावता.

तुम्ही काय करू शकता

एअर रायफलवाल्यांसाठी, कारण बहुतेक जण तिथंच आहात.

छर्रे एकाच बॅचचे घ्या. डब्यावर ४.४९, ४.५० असं डोक्याचं माप असतं. दोन-तीन मापं आणून दहा-दहाचे ग्रुप मारून बघा, आपल्या नळीला कुठलं जमतं ते. वाकलेला, कड दबलेला छर्रा बाजूला काढा. डबा खिशात खडखड करत नेऊ नका, शिसं मऊ असतं. वजन करून छर्रे वेगळे करायचे असतील तर खुशाल करा, ते सुरक्षित काम आहे. पण ५६० च्या खाली गुण असतील तर त्याचा फरक दिसणारच नाही.

का? १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलीमीटर. छर्रा साडेचारचा. त्याची कड ठिपक्याला टेकली तरी दहा मिळतात, म्हणजे केंद्रापासून अडीच मिलीमीटरपर्यंत सूट. चांगली रायफल आणि बरा छर्रा या सुटीच्या आत आरामात बसतात. बाहेर जातो तो तुमच्या श्वासामुळे आणि चाप झटकल्यामुळे.

म्हणून सरावाचा मोठा भाग गोळीशिवाय करा. ड्राय प्रॅक्टिस. पोझिशन घ्या, डोळे मिटा, दोन श्वास, डोळे उघडा. साईट टार्गेटपासून सरकलेली दिसली तर हातानं ओढून आणू नका, पाय सरकवा. अंगाला नैसर्गिकपणे जिथं राहायचंय तिथं टार्गेट आलं पाहिजे. चाप सावकाश, आणि बार झाल्यावरही दोन सेकंद तसंच बघत राहा. स्पर्धेच्या एअर रायफलला ड्राय फायरची सोय असते, ती वापरा. रिमफायरला मात्र रिकामा ठोका देऊ नका. पिन नळीच्या कडेवर आपटते, प्रशिक्षकाला विचारूनच करा.

वही ठेवा. तारीख, बॅच, किती गोळ्या, ऊन-पाऊस, सरासरी. आमच्याकडे जूनपासून भिंतींना ओल येते. काडतूस, छर्रे, रायफल सगळं कोरडं आणि कुलपात. मे महिन्यात बंद गाडीत काहीही ठेवायचं नाही.

आणि शिसं. हे कुणी बोलत नाही. छर्रा शिशाचा, बऱ्याच काडतुसांच्या मसाल्यातही शिशाचं संयुग. रेंजवरून आलात की आधी साबणानं हात-तोंड धुवा, मग वडापाव. कोरड्या झाडूनं रेंज झाडू नका, धूळ उडते. घरी लहान पोर असेल तर रेंजचे कपडे वेगळे धुवा.

दोन प्रश्न घेतो

"गावाकडून सुरुवात कुठं करू?" वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे. पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. पुण्यात बालेवाडीची रेंज आहे. आपल्याला लांब पडतं, हे खरं. आसनगावहून लोकल पकडली तरी वरळीला जाऊन येण्यात दिवस जातो. पण आधी रायफल विकत घेऊ नका. क्लबच्या रायफलीवर शिका, दोन-तीन महिने बघा, मग ठरवा. शाळेत असाल तर एनसीसीत जा, तिथंही फायरिंग असतं. स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढं आला, त्याच्या निवड चाचण्यांची चौकशी तालुका क्रीडा अधिकाऱ्यांकडे करा.

"वय १९ आहे, परवाना मिळेल का?" बंदुकीच्या साधारण परवान्याला २१ पूर्ण लागतात. तोपर्यंत एअर रायफल. स्वतःची बंदूक नाही म्हणून काही अडत नाही, १० मीटर हाही ऑलिंपिकचाच प्रकार आहे.

शेवटचं. कुसाळेनं पॅरिसच्या पात्रता फेरीत ६० गोळ्यांत ५९० मारले, म्हणजे एकूण फक्त १० गुण सोडले. मग अंतिम फेरीत सरासरी गोळीमागं १० पूर्णांक २ च्या वर. गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून. हे सगळं विकतच्या काडतुसावर. त्यानं पुन्हा पुन्हा तशीच केलेली गोष्ट म्हणजे त्याचं अंग आणि त्याचा श्वास. तेवढं आपल्यालाही उद्या सकाळपासून सुरू करता येतं, घरात, गोळीशिवाय.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी ऑनलाइन रीलोडिंगचं मशीन बघत बसला असेल, तर त्याला हा भाग पाठवा. वीस मिनिटं जातील त्याची, बोटं शाबूत राहतील. भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या.